बॅ. नाथ पै बोलले काय, ते आम्हाला वाचू द्या : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

बॅ. नाथ पै यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२२ साली, राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला त्यांचे नाव द्यायचे ठरवले. आम्हा कोकणवासीयांना बरे वाटले. त्या धावपट्टीवर विमाने किती उतरतात हा वेगळा विषय, आणि तो आपल्या खात्याचाही नाही. मुंबईत माझगाव-रे रोडच्या गोदामांमधून जाणारा, दिवसभर ट्रकांनी भरलेला रस्ता त्यांच्या नावाचा आहे. बेळगावात शहापूरला चौक आहे. मालवणात सेवांगण आहे, कुडाळात शिक्षणसंस्था आहे. नावांची ददात नाही. तेव्हा आणखी एक चौक किंवा पुतळा मागायला मी हे पत्र लिहीत नाही. मागणे एवढेच आहे, की १९५७ ते १९७० या काळात त्यांनी लोकसभेत जे जे मांडले ते मराठीत आणा, आणि कुणालाही फुकट वाचता येईल असे ठेवा.

नव्या वाचकांसाठी थोडे सांगतो. पंढरीनाथ बापू पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. वडील लवकर गेले. १९४२ च्या लढ्यात ते बेळगावात पकडले गेले. पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंग भोगला. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. तिथेही स्वस्थ बसले नाहीत, समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. १९५७ मध्ये राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत गेले, मग १९६२ आणि १९६७ मध्ये पुन्हा. सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर. हृदय दुखणाईत होते, तरी १७ जानेवारी १९७१ ला बेळगावच्या हुतात्मा दिनाच्या सभेत बोलायला गेले आणि १८ तारखेला तिथेच वारले. वय ४८. ज्या मतदारसंघाने त्यांना तीनदा निवडून दिले तो राजापूर मतदारसंघही पुनर्रचनेत गेला. २००९ पासून तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला.

आता खरी अडचण सांगतो. आमच्याकडे जुन्या माणसांसमोर नाथ पैंचा विषय काढा, चेहरा उजळतो. काय वक्ता होता! सभेला रात्री उशिरापर्यंत माणसे हलायची नाहीत. दिल्लीत नेहरूसुद्धा कान देऊन ऐकायचे. हे सगळे ऐकून झाल्यावर विचारावे, ‘पण ते बोलायचे काय?’ तिथे गाडी अडते. वक्तृत्वाची कीर्ती उरली आणि वक्तव्य गेले, असे झाले आहे. चरित्रे आहेत, आठवणींचे लेख आहेत, त्यांत भाषणांतले उतारेही सापडतात. पण उताऱ्यात टाळ्यांची वाक्ये तेवढी येतात. मंत्र्याने काय उत्तर दिले, मध्येच कोण उठले, नाथ पैंनी आपला मुद्दा कुठे सोडला आणि कुठे धरून ठेवला, हे त्यात कसे येणार?

लोकसभेच्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पाहायला मिळतात, हे खरे. मी तिथे बसून वाचतो. छापील पानांची छायाचित्रे आहेत. वाक्याच्या मध्येच कुणाचा तरी व्यत्यय, मग सभापतींचे ‘शांत राहा’, मग वेळ संपल्याची आठवण, आणि त्यातून ‘श्री. नाथ पै (राजापूर)’ पुन्हा आपल्या मुद्द्यावर येतात. वाचताना मजा येते, नाही असे नाही. पण नेमके भाषण शोधायचे तर दिवस जातो, आणि ते बहुतेक इंग्रजीत. वेंगुर्ल्याच्या नगर वाचनालयात येणाऱ्या अकरावीच्या मुलीने ते शोधून वाचावे ही अपेक्षा मला तरी करवत नाही.

मुळात हे वाचण्यासारखे आहे का, असे कुणी सचिव टिपणीत विचारतील. म्हणून एकच उदाहरण देतो.

पंजाबात जालंधरकडच्या गोलकनाथ कुटुंबाची शेकडो एकर जमीन कमाल धारणेच्या कायद्यात अडकली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ फेब्रुवारी १९६७ ला अकरा न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क त्या वेळी मूलभूत हक्कच होता. ज्या कोकणात अर्धे गाव कूळ म्हणून राबत होते आणि कुळकायद्यामुळे जमिनीला नुकते कुठे आपले नाव लागत होते, त्या कोकणच्या खासदाराला या निकालाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. नाथ पैंनी त्याच एप्रिलमध्ये खाजगी विधेयक मांडले. घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कांसकट, दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेला आहे, असे त्यात होते. विरोधी बाकावरच्या एका खासदाराच्या विधेयकावर सबंध देशातल्या वकिलांनी वाद घातला. ते संयुक्त समितीकडे गेले, परत आले, रेंगाळले. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही त्याबरोबर बुडाले. पुढे तीन आठवड्यांत नाथ पै गेले. त्याच १९७१ मध्ये चोविसावी घटनादुरुस्ती झाली, आणि तिच्यात मुद्दा तोच होता.

मला स्वतःला त्यांचे म्हणणे सगळे पटत नाही, हेही इथे सांगून टाकतो. १९७५ मध्ये आणीबाणी आली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढायला एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती झाली, आणि पुढच्या वर्षी बेचाळिसावी, संसदेच्या घटनादुरुस्तीवर न्यायालयाला बोट ठेवता येऊ नये म्हणून. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावू द्यायचा नाही असे सांगून ठेवले होते, म्हणून बरे. संसदेवर एवढा भरवसा टाकणारा माणूस तेव्हा असता तर काय म्हणाला असता? बेळगावच्या कोठडीत मार खाल्लेला माणूस सरकारच्या हाती इतकी सत्ता द्यायला का तयार झाला? याचे उत्तर त्यांच्या भाषणांत आहे, आणि त्यांना विरोध करणाऱ्यांच्या भाषणांतही आहे. म्हणून नुसती नाथ पैंची भाषणे छापू नका. ज्यांनी त्यांना अडवले, खोडून काढले, त्यांचीही त्याच पानावर द्या. एकट्याचे भाषण छापले की गौरवग्रंथ होतो. तसले ग्रंथ कपाटात पुष्कळ आहेत.

कोकण रेल्वेचेही तसेच. प्रा. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, आणि ते योग्यच आहे. पण १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या या गाडीसाठी दंडवत्यांच्या आधी राजापूरच्या याच खासदाराने लोकसभेत घसा कोरडा केला होता. दरवेळी रेल्वेमंत्र्यांनी काय उत्तर दिले ते एकाखाली एक लावून वाचले, तर सरकारी नकाराचे किती प्रकार असतात याचा एक छोटा अभ्यासक्रम तयार होईल.

आता कामाचे. साहित्य आणि संस्कृती मंडळ आपल्या विभागाकडे आहे. त्यांची पुस्तके संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, हा चांगला पायंडा आहे. भाषा संचालनालयही आपल्याकडेच आहे. त्यांनी न्यायव्यवहार कोश केलेला आहे, म्हणजे कायद्याच्या परिभाषेसाठी नव्याने डोके खाजवायला नको. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड याच राज्याने १९७९ पासून काढले, तेव्हा हे आपल्याला जमत नाही असेही नाही. अनुवाद मात्र कंत्राट काढून पानावर भाव ठरवून करू नये. कायदा कळणारा एक आणि मराठी कळणारा एक, अशा जोड्या लावाव्यात. प्रत्येक भाषणाआधी अर्ध्या पानात प्रसंग सांगावा, कारण गोवामुक्ती किंवा १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप आजच्या वाचकाला आपोआप कळणार नाही. सुरुवात एकाच खंडाने करा, गोलकनाथ आणि विधेयकाच्या. छापायला उशीर झाला तरी चालेल, संकेतस्थळावर आधी टाका.

त्यांची मराठी सभांतली भाषणे हा आणखी वेगळा ठेवा आहे. कुणाच्या माळ्यावर ध्वनिफिती असतील, कुणाकडे पत्रे असतील, कुणा वार्ताहराची टाचणवही असेल. ती मागवायला सरकारी जाहिरातीपेक्षा गावोगावच्या वाचनालयांना एक साधे पत्र जास्त उपयोगी पडेल. ग्रंथपालांना कोणाच्या घरी काय आहे ते बरोबर माहीत असते.

आणि बेळगाव. सीमाभागातल्या मराठी वाचनालयांना या खंडांच्या प्रती न मागता पाठवाव्यात. शेवटचे भाषण त्यांनी तिथे केले, सीमेच्या प्रश्नासाठीच केले. तिथल्या मराठी माणसाने पुस्तकासाठी मंत्रालयात अर्ज करावा, हे बरे दिसणार नाही.

मराठीला अभिजात दर्जा मिळून आता काळ लोटला. त्या निमित्ताने समारंभ पुष्कळ झाले. हे काम समारंभाचे नाही, त्यामुळे त्याला उद्घाटनाची तारीख सापडणार नाही याची मला कल्पना आहे. तरी आपण ते मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, आणि कोणाकडे सोपवले तेवढे जाहीर करावे. पहिल्या खंडाची मुद्रिते तपासायला सिंधुदुर्गातून चार माणसे मी मिळवून देईन, मानधनाशिवाय.

कळावे,

आपला,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक वाचक