आईच्या पाठीचं आणि बाबांच्या नमस्कारांचं

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

काल फोनवर बाबा मोठ्या कौतुकाने म्हणाले, "तुझी आई आता रोज बारा नमस्कार घालते. पाठ कशी मोकळी होईल बघ!" माझ्या पोटात गोळाच आला. फोनवर बाबा मला पुरतं बोलू देणार नाहीत, म्हणून हे पत्र.

बाबा, औंधचं पाणी प्यालेल्या माणसासमोर सूर्यनमस्काराविरुद्ध ब्र काढायचा म्हणजे धाडसच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार कसे सुरू केले, हे ऐकतच मी वाढले. तुम्ही सत्तरीतही सकाळी अजिंक्यतारा चढता, तुमचे नमस्कार खुशाल चालू द्या. प्रश्न आईचा आहे.

दिवाळीत मी तिला साडी नेसताना पाहिलं. नेहमीचीच साडी, पण आता कमरेशी एक जादा घडी खोचावी लागते, नाहीतर निऱ्या पायात येतात. पोह्याचा डबा काढायला स्टूल लागतं. "वय झालं," म्हणून तुम्ही दोघं हसलात. पण तरुणपणापेक्षा उंची चारेक सेंटिमीटरने घटली असेल, तर एखादा मणका दबलेला असू शकतो. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात. तसा मणका दबायला पडावंच लागतं असं नाही, वाकून भरलेली बादली उचलली तरी पुरे. कित्येकींना कळतही नाही. उसण भरली म्हणतात, शेक घेतात आणि कामाला लागतात.

पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या बाजूवर भार येतो. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांवर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी बहुतेकींचे मणके आणखी दबले, पाठ मागे ताणणाऱ्यांमध्ये ते प्रमाण फारच कमी निघालं. अभ्यास छोटा होता, पण आईच्या बाबतीत मला तेवढा पुरतो. नमस्कारात दर वेळी दोनदा कंबरेतून पूर्ण वाकायचं असतं, बाबा.

आणि मणके दबून येणारं पोक हा काही नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. छाती आकसते, श्वास वरवरचा होतो, पोट दाबलं जाऊन दोन घास कमी जातात, तोल पुढे जाऊन पडायची भीती वाढते. आई, "हल्ली जेवण जात नाही" हे तू डॉक्टरांना सांगितलंस का? मला तरी सांगितलं नव्हतंस. शेजारच्या काकूंकडून कळलं!

तेव्हा आधी डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी करून घेऊ. नुसतं पडून राहायचं, सुई नाही, दुखत नाही. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर औषधाचं डॉक्टर ठरवतील. तोवर नमस्कार बंद, चालणं चालू. भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, हनुवटी जरा आत. बादली अर्धीच भरायची आणि गुडघ्यांत वाकून उचलायची. विळी माळ्यावर जाऊ दे, भाजी ओट्यावर चिर. नाचणीची भाकरी तुला आवडतेच, ती वाढव. अंगाला तेल लावून घ्यायला हरकत नाही, पण कुणाकडूनही पाठ "मोडून" घ्यायची नाही. पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

बाबा, तुम्हीही सुटलेला नाहीत. मणक्यांमधल्या चकत्यांना रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यांचं पोषण हालचालीवर चालतं. सकाळी गड चढून मग दुपारभर मोबाईलवर मान घालून बसलं, तर उपयोग काय? अर्ध्या तासाने उठायचं, पाणी प्यायचं, गच्चीत एक चक्कर मारायची.

मी शनिवारी येते. आई, शाळेत नोकरीला लागताना काढलेल्या मेडिकल सर्टिफिकेटवर तुझी उंची लिहिलेली असेल. लोखंडी कपाटातल्या जुन्या फाईलमध्ये बघ आणि ते बाहेर काढून ठेव. डॉक्टर विचारतील.

तुमची,
माई