नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयासाठी धावून आलेल्यांना

मार्चमध्ये पत्र आलं. तरतूद नाही, वाचनालय बंद. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, पण कायद्यानं वीजबिल भरलं जात नाही ना बाप्पा!

ज्यांची नावं विचारायचं राहूनच गेलं, त्यांचे हे आभार. इतवारीतल्या किराणावाल्या भाऊंनी सह्यांचा कागद गल्ल्याशेजारी ठेवला आणि हळद जोखता जोखता गिऱ्हाइकांच्या सह्या घेतल्या. कागद परत आला तेव्हा कडा पिवळ्याधमक. आम्ही तो तसाच सादर केला. साहेबांनी वास घेतला म्हणे.

स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःचा अभ्यास सोडून चार रात्री पुस्तकांची यादी करत बसली. धूळ इतकी, की शिंकांचीही नोंद ठेवता आली असती. अर्ज लिहून देणाऱ्या निवृत्त बाईंचं अक्षर तर छापील वाटावं असं!

सध्या वर्षभराची मुदत मिळाली आहे. पुढचं पुढे.

आणि मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, कूलरमध्ये नवा वाळा भरून न सांगता निघून गेलेले काका, तुमचा पान्हा खिडकीत राहिलाय. न्यायला या, चहा होईल.