निबंधातलं दुसऱ्या पानावरचं वाक्य

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

निबंध वाचला. छान उतरलाय. फक्त दुसऱ्या पानावरचं एक वाक्य मोडून पुन्हा लिही: ‘ज्यू निर्वासित जर्मनी सोडून इंग्लंडला आले आणि ब्रिटिश सैन्यात भरती झाले.’ यातल्या ‘सोडून’ आणि ‘आणि’ या दोन शब्दांत त्या माणसांची उमेदीची वर्षं गेली.

‘सोडून’चं आधी बघ. नाझींना ज्यू देशाबाहेर हवे होते, पण कफल्लक होऊन. मालमत्ता ५०,००० मार्कांच्या वर असली की चौथा हिस्सा ‘पलायन कर’ म्हणून जायचा. नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यूंच्या दुकानांची, प्रार्थनास्थळांची जाळपोळ झाली, त्यानंतर ५,००० मार्कांच्या वर मालमत्ता असणाऱ्यांवर आणखी दंड बसला, आधी २० टक्के, मग २५. उरलेले पैसे बँकेत गोठलेले. ते परकीय चलनात बदलायला गेलं तर १९३९च्या सप्टेंबरपर्यंत शंभरातले जेमतेम चार मार्क हाती लागत. खिशात रोख न्यायची मुभा १० मार्कांची. कर चुकता केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय निघता येत नसे, आणि ऑक्टोबर १९३८पासून पासपोर्टवर ‘ज्यू’ अशी खूण म्हणून लाल ‘जे’ अक्षर.

‘एवढं दिसत होतं तर आधीच का नाही निघाले?’ असं तू विचारलं होतंस. निघायला घेणारा देश लागतो गं. अमेरिकेचा कोटा जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७० माणसांचा, शिवाय तिथल्या कुणाचं तरी पोसण्याचं हमीपत्र. दाखल्याला मुदत, व्हिसाला मुदत, बोटीच्या तिकिटाला तारीख. एक कागद हाती येईतो दुसरा बाद व्हायचा, की पुन्हा पहिल्या खिडकीपासून रांग.

ब्रिटनचे दरवाजे अरुंदच होते. बायकांना घरकामाच्या परवान्यावर येता येई. एकट्या मुलांसाठी पुढे दर मुलामागे ५० पौंडांची हमी मागू लागले. पुरुषांसाठी केंटमध्ये रिचबरोला पहिल्या महायुद्धातली पडीक लष्करी छावणी १९३९मध्ये दुरुस्त करून उघडली, तीच किचनर छावणी. तिथे सुमारे ४,००० पुरुष आले. अट अशी, की पुढे तिसऱ्या देशात जायची सोय दाखवायची. यातले कित्येक जण डाखाऊ, बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांमधून ‘देश सोडतो’ या बोलीवर सुटलेले होते. तेव्हा जागा मिळाल्याचं पत्र म्हणजे जिवाचा कागद.

आता तुझं ‘आणि’. युद्ध सुरू झाल्यावर प्रत्येक जर्मन-ऑस्ट्रियन माणसाची न्यायाधिकरणापुढे चौकशी झाली आणि अ, ब, क असे वर्ग पडले. बहुतेक सगळे ‘क’ वर्गात, म्हणजे धोका नाही. तरी १९४०च्या उन्हाळ्यात हॉलंड, फ्रान्स पडल्यावर सरकार घाबरलं आणि सुमारे २७,००० जणांना स्थानबद्ध केलं. आयल ऑफ मॅनवर समुद्रकाठच्या पर्यटकांच्या खाणावळींभोवती काटेरी तार ओढली. हिटलरपासून पळालेल्यांना हिटलरची माणसं समजणं हा अन्यायच होता. निबंधात तो स्पष्ट लिही.

तिथून सुटायची एक वाट पायोनियर कोअर, म्हणजे ब्रिटिश सैन्याचं अंगमेहनतीचं दल. बिल्ल्यावर बंदूक, कुदळ आणि फावडं, पण नशिबी मुख्यतः कुदळ आणि फावडंच: चर खणणं, माल उतरवणं, बॉम्बने पडलेल्या इमारतींचा राडारोडा उपसणं. राजाशी निष्ठेची शपथ घेऊनही कागदोपत्री ते ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’च राहिले. बहुतेकांना नागरिकत्व मिळालं ते युद्ध संपल्यावर.

मान्फ्रेड गान्सवर एक परिच्छेद जरूर घाल. डच सीमेजवळच्या बोर्केनचा मुलगा, १९३८मध्ये इंग्लंडला आला, स्थानबद्ध झाला, पायोनियरमध्ये गेला. तिथून त्याची निवड १९४२मध्ये उभ्या राहिलेल्या, ब्रिटिश सैन्याच्या दहाव्या कमांडो दलाच्या तिसऱ्या तुकडीत झाली. वेल्समध्ये अॅबरडोवीला प्रशिक्षण. तुकडीत एकूण ८७ जण, बहुतेक जर्मन बोलणारे ज्यू निर्वासित. पकडले गेले तर युद्धकैदी म्हणून नव्हे, देशद्रोही ज्यू म्हणून गोळी, म्हणून नावंच बदलली. अनेकांनी आद्याक्षरं तीच ठेवली, कारण कपड्यांवरची जुनी खूण घात करू शकत होती. गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्म: चर्च ऑफ इंग्लंड. उच्चारातला परकेपणा खपवायला प्रत्येकाने लहानपणाची खोटी हकीकत पाठ केली. नातेवाइकांचं जुन्या नावाने आलेलं एक पत्रसुद्धा सगळं उघडं पाडू शकत होतं.

ते एकत्र लढले नाहीत. दोन-दोन, चार-चार करून त्यांना इतर तुकड्यांत वाटलं. कैदी हाती लागला की जागच्या जागी त्याच्याच भाषेत विचारायचं: सुरुंग कुठे, तोफा कुठे. कैदी मागे पाठवून उत्तर येईपर्यंत ती माहिती शिळी झालेली असे. गान्स ६ जून १९४४ला ४१ रॉयल मरीन कमांडोबरोबर नॉर्मंडीत उतरला. मे १९४५मध्ये जीप घेऊन युरोप ओलांडत तो थेट तेरेझिनच्या नाझी छावणीत गेला. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी पाय गमावलेले त्याचे वडील, आणि आई, दोघंही तिथे जिवंत सापडले.

संदर्भ शोधताना एक लक्षात ठेव. बोर्केनच्या कागदांत तो मान्फ्रेड गान्स आहे, ब्रिटिश लष्कराच्या कागदांत फ्रेड ग्रे. एकाच नावाने शोधलंस तर अर्धाच माणूस हाती लागेल.

तुझी,
आई