नवोदित नृत्यकलावंतांना सरावाचा काळही हवा

महोदय,

नृत्यक्षेत्रातील नवोदितांना मिळणारे साहाय्य बहुतांशी स्पर्धा आणि पारितोषिके यांभोवतीच फिरते. त्यांचा उपयोग नाकारता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ पासून होत असलेल्या ‘प्री द लोझान’ या बॅले स्पर्धेत १५ ते १८ वर्षांच्या विजेत्यांना नामवंत नृत्यशाळांत पुढे शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. खरी अडचण त्यानंतरच्या वयात सुरू होते. शिक्षण पूर्ण झालेल्या, पण अद्याप नाव न झालेल्या कलावंताला स्वतःची रचना उभी करण्यासाठी तालमीची जागा, सहकलावंतांचे मानधन आणि प्रसंगी रचना फसण्याची मुभा लागते. अनुदान मात्र बहुधा प्रयोगापुरतेच मिळते आणि त्याआधीच्या कित्येक महिन्यांच्या सरावाचा खर्च कोणाच्याच हिशेबात नसतो.

नृत्याच्या अभ्यासकांची स्थिती याहून बिकट आहे. नृत्यसिद्धांतकार रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये नृत्यलेखनाची, म्हणजे नृत्याच्या हालचाली चिन्हांनी कागदावर नोंदवण्याची, पद्धत प्रसिद्ध केली, तरीही असंख्य रचना आजही नर्तकांच्या शरीरस्मृतीतच टिकून असल्यामुळे संशोधकाला ग्रंथालयाइतकेच तालमीच्या दालनातही बसावे लागते, आणि या कामाची नोंद शोधनिबंध मोजणाऱ्या नियमांत होत नाही. कलावंत आणि अभ्यासक यांना एकत्रितपणे किमान वर्षभराची अभ्यासवृत्ती द्यावी, तिच्या अखेरीस प्रयोगाची सक्ती करू नये आणि तालमींच्या चित्रफिती व टिपणे सार्वजनिक संग्रहात ठेवावीत, अशी अनुदान देणाऱ्या संस्थांना विनंती आहे.

– एक नृत्यरसिक वाचक