बूस्ट वाढवण्याआधी फ्युएल पंपाकडे पाहा

महोदय,

टर्बो पेट्रोल गाड्यांचा रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातल्या सेटिंगचा बदल, करून देणारी गॅरेजेस आता पुण्या-मुंबईत सहज सापडतात. दुपारी गाडी द्यावी आणि संध्याकाळी वाढलेला पिकअप घेऊन घरी जावे, इतके हे काम सोपे झाले आहे. मात्र टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवताना तितकेच जास्तीचे पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचते आहे का, हे फार थोड्या ठिकाणी मोजले जाते. या हयगयीची किंमत गाडीच्या मालकाला आणि क्वचित रस्त्यावरच्या इतरांनाही मोजावी लागते, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे हौशी मंडळींच्या हाती आजही असलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस हे याचे चांगले उदाहरण आहे. तिचे 1.8 लिटरचे टर्बो इंजिन मूळचे 150 अश्वशक्तीचे आहे. इतक्या शक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोर लावल्यावर तासाला साधारण 50 ते 55 लिटर पेट्रोल लागते आणि रिमॅप करून ती 200 च्या घरात नेली, की ही गरज 70 लिटरच्या आसपास जाते. त्यात आता पंपावर मिळणारे पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचे असल्याने, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के जास्तच इंधन सोडावे लागते. टाकीतला पंप मात्र तोच, वीस वर्षांपूर्वीचा.

माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. बूस्ट दुसऱ्या गॅरेजमध्ये 1 बारपर्यंत वाढवून घेतलेला होता आणि बोरघाटाच्या चढणीला गाडी मिसिंग मारते, अशी मालकाची तक्रार होती. या इंजिनात रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, इंधनाचा दाब बूस्टच्या जोडीने वाढावा लागतो, म्हणजे मुळात 3 बार असेल तर 1 बार बूस्टला तो 4 बार व्हायला हवा. प्रत्यक्षात चार-साडेचार हजार आरपीएमच्या पुढे गेजचा काटा वर जाण्याऐवजी खाली येत होता आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. अशा वेळी सिलिंडरमधले तापमान चढते, इंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून आत ठोके बसतात, आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधली कडा तुटते. मिसिंग ही त्याची पूर्वसूचना होती आणि ती वेळेत मिळाली, हे मालकाचे नशीब.

मागच्या सीटखालचे झाकण उघडून पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला, तेव्हा बॅटरीवर 13.8 व्होल्ट असताना तिथे जेमतेम 11 मिळत होते. पंपावर छापलेला लिटरचा आकडा ठरावीक दाबाचा आणि ठरावीक व्होल्टेजचा असतो. दाब वाढला किंवा व्होल्टेज उतरले, की तो घसरतो. त्यामुळे नुसता मोठा पंप बसवून भागत नाही. त्याच्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज, रिले आणि जाड वायर द्यावी लागते. टाकीच्या आत वापरायची नळीही पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलीच हवी, कारण साधी फ्युएल नळी आत फुगते, फाटते आणि पुन्हा दाब पडतो. हे काम करताना रेलमधला दाब सोडणे, बॅटरीची ऋण बाजू काढणे आणि झाकणाची सील नवी घालणे यांत कसूर झाली, तर पेट्रोलची वाफ थेट प्रवाशांच्या बसण्याच्या जागेत शिरते.

बूस्टला हात यानंतरच लावावा. वेस्टगेटची (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) आणि बूस्ट नियंत्रण व्हॉल्व्हची रबरी नळी तडकलेली असेल, तर वेस्टगेट वेळेवर उघडत नाही आणि बूस्ट ठरवलेल्या आकड्याच्या पुढे उसळतो. तेव्हा आधी या नळ्या बदलाव्यात, मग कमी बूस्टपासून सुरुवात करून दर टप्प्याला मिश्रण, इंधनाचा दाब आणि नॉक यांची नोंद पाहत वर जावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात इंटरकूलरमधून, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागातून, निघणारी हवाच इतकी तापलेली असते, की जानेवारीत पुण्यात ठीक वाटलेली सेटिंग मे महिन्यात तिथे चालेलच असे नाही.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीतील बदलांवर बंधने आहेत आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही हे काम सर्रास चालते आणि ते कोणी तपासत नाही. सीएनजी किटसाठी आपण मान्यताप्राप्त किट, प्रशिक्षित हातांनी बसवणे आणि आरटीओची नोंद अशी व्यवस्था उभी केली. इंजिनाची शक्ती वाढवणाऱ्या बदलांसाठीही तशीच व्यवस्था करण्याचा विचार केंद्रीय परिवहन मंत्रालयाने आणि पुण्यातील एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने करावा, अशी माझी विनंती आहे. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात इंधनाचा दाब आणि सेन्सरची नोंद वाचण्याचे प्रात्यक्षिक पक्के करावे. तोपर्यंत गाडीमालकांनी निदान एवढे करावे, की कामाआधीच्या आणि नंतरच्या मिश्रणाच्या व इंधनदाबाच्या नोंदी बिलासोबत लेखी मागाव्यात आणि त्या द्यायला जे गॅरेज तयार नसेल, तिथे गाडी देऊ नये.

– एक गॅरेजचालक, भोसरी, पुणे