अँपशिवाय बेस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अँप (अ‍ॅम्प्लिफायर) नसताना घरी बेस गिटार रेकॉर्ड करण्यात काही अर्थ आहे का, असं विचारलं आहेस. नक्कीच आहे. १९६०च्या दशकात डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसनचा बेस अँपसमोर माइक न ठेवता थेट कन्सोलला (मिक्सिंगच्या यंत्राला) जोडून रेकॉर्ड होत असे, आणि त्याचा खर्ज आजही कान तृप्त करतो.

मात्र एक गोष्ट आधी लक्षात घे. थेट जोडलेल्या बेसमध्ये काही कमी नसतं, उलट काहीतरी जास्तीचं असतं. बेस कॅबिनेटमधले मोठे स्पीकर साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येऊ देत नाहीत. बोट तारेवर घासल्याची खरखर, तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटल्याची खटखट, नखाची टिचकी, हे सगळं तिथेच गाळलं जातं. अँप गेलं की ही गाळणीही जाते. कच्चा ट्रॅक पहिल्यांदा ऐकताना कोरडा आणि टोचरा वाटतो तो यामुळे. तिथे घाबरून लोक खर्ज वाढवत सुटतात आणि सगळा चिखल होतो.

सुरुवात जोडणीपासून कर, कारण तिथली चूक नंतर पुसता येत नाही. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचा सिग्नल नाजूक असतो; समोरच्या इनपुटचा इम्पिडन्स (विद्युत विरोध) कमी असेल तर सर्वांत आधी वरचे स्वर मरतात. म्हणून ऑडिओ इंटरफेसवर (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या डब्यावर) ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं इनपुट वापर, बटण असेल तर ते दाबलं आहे ना ते पाहा. या इनपुटचा इम्पिडन्स साधारण १ मेगाओहम असतो. लाइन इनपुटचा बहुधा १० किलोओहमच्या आसपास आणि माइक इनपुटचा त्याहूनही बराच कमी. तिथे पॅसिव्ह बेस लावलास तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येईल, आणि गेलेली धार कुठल्याही इक्वलायझरने नीट परत येणार नाही. लॅपटॉपच्या माइक जॅकचा विचारही करू नकोस.

इंटरफेसला फक्त माइक इनपुट असेल तर मध्ये डीआय बॉक्स लागतो, म्हणजे बेसचा सिग्नल माइक इनपुटला चालेल असा करून देणारा डबा. पॅसिव्ह बॉक्समध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला वीज लागत नाही. अ‍ॅक्टिव्ह बॉक्सला बॅटरी किंवा इंटरफेसवरची ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर (केबलमधूनच मिळणारी वीज) लागते. पॅसिव्ह बेसला अ‍ॅक्टिव्ह बॉक्स अधिक मानवतो, कारण त्याचा इनपुट इम्पिडन्स जास्त असतो. तुझा बेस अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) असेल तर ही सगळी चिंता बरीच कमी होते, पण मग ९ व्होल्टच्या बॅटरीकडे लक्ष हवं. ती संपत आली की जोरात वाजवलेले स्वर आधी फाटतात आणि आपण उगाच गेनला (इनपुटच्या आवाजाच्या पातळीला) दोष देत बसतो. वाजवून झालं की केबल बेसमधून काढून ठेव. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते. केबल साधी मोनो, ३ मीटरच्या आसपासची पुरे. लांब केबलही पॅसिव्ह पिकअपची धार खाते.

गुणगुण येत असेल तर आधी कारण शोध. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर बेसचं अर्थिंग ठीक आहे, त्रास खोलीतून येतो आहे: मॉनिटर, डिमर, ट्यूबलाइट. बसल्या जागी थोडं थोडं वळून पाहा, एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होते. दोन सिंगल कॉइल (एकाच वेढ्याचे) पिकअप असतील तर दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण ठेव. बहुतेक अशा बेसमध्ये दुसऱ्या पिकअपचा वेढा आणि चुंबक उलटे असल्यामुळे गुणगुण एकमेकींना खोडते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर किणकिण थांबली, तर तेवढा टेक (एका दमातलं रेकॉर्डिंग) लॅपटॉपच्या बॅटरीवर घे.

आता गेन. प्रोजेक्ट २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेव. गाण्यात वाजवणार आहेस त्याच जोरात, किंबहुना थोडं जास्त जोरात वाजव आणि सर्वांत मोठा ठोका उणे १० ते उणे १२ डीबीपर्यंत जाईल इतकाच गेन दे. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, मीटर लाल रेषेला भिडवण्यात काहीच लाभ नाही. इनपुटलाच क्लिप झालेला (मर्यादा ओलांडून फाटलेला) स्वर मात्र कायमचा गेला. बेसवरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेव. टोनबद्दल खात्री नसेल तर तोही उघडा ठेव; जास्तीची धार नंतर कापता येते.

खरी मेहनत मात्र हातांत आणि तारांत आहे. अँपसमोर जे दडून जातं ते इथे उघडं पडतं. नव्या तारा खणखणतात, जुन्या मऊ वाजतात, दोन्ही चालतील. पण काही तारा नव्या आणि काही जुन्या असतील तर प्रत्येक तारेचा आवाज वेगळा येतो आणि तो मिक्समध्ये झाकता येत नाही. प्रत्येक टेकआधी ट्यूनरवर लाव. जोरात छेडलेली तार सुरुवातीला किंचित चढी वाजते, म्हणून वाजवणार त्याच जोराने छेडून सूर लाव. खुली तार आणि १२व्या फ्रेटवरचा स्वर ट्यूनरवर जुळत नसतील तर ब्रिजवरचा सॅडल (तार टेकते तो तुकडा) सरकव: फ्रेटवरचा स्वर चढा असेल तर मागे (मानेपासून दूर), उतरा असेल तर पुढे. तारा फ्रेटला लागून खरखरत असतील तर सॅडल थोडा उचल, पाव वळसासुद्धा कधीकधी पुरतो.

न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं हा तर अर्धा आवाज आहे. ए तारेवर वाजवताना त्याहून खर्जातली ई तार ४१ हर्ट्झवर हळूच घुमत राहते. एकट्या ट्रॅकमध्ये ते कळत नाही, ड्रम आले की खर्ज गढूळ होतो. छेडणाऱ्या हाताचा अंगठा त्या तारेवर टेकव. स्वर कुठे सुरू झाला यापेक्षा कुठे थांबला यावर ठेका जास्त उभा असतो, म्हणून टेक ऐकताना स्वरांची शेवटं मुद्दाम ऐक.

हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आण. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) हवाच. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका बाजूचा सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर. संगणक अडखळला तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता थेट हेडफोनला येणारा आवाज) चालू कर आणि सॉफ्टवेअरमधला त्या ट्रॅकचा मॉनिटर बंद कर. दोन्ही चालू राहिले तर बेस पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. रेकॉर्डिंग मात्र ठीक असतं.

कच्चा ट्रॅक जसाच्या तसा जपून ठेव, काम त्याच्या प्रतीवर कर. आधी ३० ते ३५ हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचं कापणारी गाळणी). मग कॉम्प्रेसर (मोठे ठोके दाबणारं साधन): ४ ला १, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास, मोठ्या ठोक्यांवर ४ ते ६ डीबी दाबला जाईल इतका. अटॅक फार जलद ठेवलास तर बोटाचा ठोका मरतो. त्यानंतर अँप सिम्युलेटर, म्हणजे अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. न्यूरल अँप मॉडेलर मोफत आहे. शेवटी कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटचा आणि त्यासमोरच्या माइकचा ठसा असलेली छोटीशी फाइल. ती बेस कॅबिनेटचीच घे, गिटार कॅबिनेटची फाइल खालचा खर्ज कापते. सिम्युलेटरमध्ये आधीच कॅबिनेट चालू असेल तर दुसरं लावू नकोस, आवाज दबेल. यातलं काहीच नसेल तर ५ किलोहर्ट्झवर साधा लो-पास (त्यावरचं कापणारी गाळणी) आणि थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) लावून पाहा. निम्मं काम तिथेच होतं.

डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) हवं असेल तर ट्रॅकच्या दोन प्रती कर: एकीवर २०० हर्ट्झच्या खालचं स्वच्छ, दुसरीवर वरचं डिस्टॉर्शनसह. सबंध खर्ज डिस्टॉर्शनमधून गेला तर त्याचा कणा मोडतो. दोन्ही एकत्र ऐकताना खर्ज पातळ झाला तर एकीची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहा. ज्या बाजूला भरदार वाटेल ती बरोबर. दोन्ही बाजूंना पातळच राहिला तर एखादा प्लगिन (ट्रॅकवर लावलेलं इफेक्टचं सॉफ्टवेअर) उशीर करतो आहे. तेव्हा एक प्रत सरकवून जुळव.

मिक्स फोनच्या स्पीकरवरही ऐक. तिथे ४१ हर्ट्झ येणारच नाही, पण त्याच्या पटीतले वरचे स्वर (हार्मोनिक) असतील तर कान मूळ स्वर स्वतः भरून काढतो. बेस तिथे अजिबात हरवला तर खर्ज वाढवू नकोस. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास २ डीबी दे, किंवा सॅच्युरेशन वाढव.

पुढच्या वेळी मिक्स नको, चार मात्रांचा कच्चा ट्रॅक पाठव, कॉम्प्रेसर न लावलेला. सोबत बेसचा टोन कितीवर होता आणि गेन कितीवर, तेवढं लिही.

तुझाच,
मित्र