जुने कॅटलॉग रद्दीत टाकू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

जुन्या वस्तू जपणाऱ्यांबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून येतं, ते मी आवर्जून वाचतो, पण जुन्या हत्यारांचं वय कसं काढायचं यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. बहुतेक लोक गंज बघून सांगतात की हे शंभर वर्षांचं असणार. गंजावरून वय कळत नाही हो, ओलीत ठेवलेला पाना दोन पावसाळ्यांत म्हातारा दिसतो.

वडिलांच्या सॉकेट सेटवर, म्हणजे नट-बोल्ट खोलायच्या हत्यारांच्या पेटीवर, मी बरेच दिवस घालवले. आधी रॅचेटवरचा, म्हणजे सॉकेट फिरवायच्या दांड्यावरचा, पेटंट नंबर बघितला. अमेरिकन पेटंट असेल तर हिशोब सोपा आहे, १९११ मध्ये नंबर १० लाखांवर गेला, १९३५ मध्ये २० लाखांवर आणि १९६१ मध्ये ३० लाखांवर. आमचा नंबर २० लाखांच्या थोडा पुढचा, म्हणून मी लगेच १९३५ धरून बसलो आणि तिथेच चुकलो, कारण पेटंट नंबर फक्त एवढंच सांगतो की वस्तू त्याच्या आधीची नाही, तोच नंबर कंपनी पुढे कितीतरी वर्षं ठोकत राहते. मग त्याच कंपनीच्या कॅटलॉगची स्कॅन केलेली पानं एकेक करून बघितली, तर आधीच्या सगळ्या चित्रांत पेटीला दोन खटके आणि आमच्या पेटीला एकच, एक खटक्याची पेटी थेट १९५० नंतरच्या कॅटलॉगात सापडली. म्हणजे माझा अंदाज पंधरा वर्षांनी चुकला होता!

जाहिरातीवर तारीख नसेल तर पत्ता बघा. अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिन कोड) असेल तर ती १९६३ च्या आधीची असूच शकत नाही, आणि शहराच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी टपाल झोन नंबर असेल तर बहुतेक १९४३ ते १९६३ मधली. हत्यारावर पश्चिम जर्मनी असं कोरलेलं असेल तर ते १९४९ ते १९९० मधलं. स्टॅनली या अमेरिकन कंपनीच्या रंध्याच्या पात्यावर बदामाचं चिन्ह असेल तर ते पातं साधारण १९२० ते १९३५ मधलं, पण पातं बदललेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यावरून अख्ख्या रंध्याचं वय ठरवू नका.

सेटमध्ये तर ही भानगड फारच असते, एखादा सॉकेट हरवतो, दुसरा आणून खाचेत बसवतात आणि वीस वर्षांनी तो मूळचाच वाटतो, त्यामुळे प्रत्येक नग हातात घेऊन त्याचा शिक्का, अक्षरांची ठेवण, मुठीची नक्षी कॅटलॉगशी ताडून बघायलाच हवी. आणि एकच कॅटलॉग पुरत नाही. कंपन्या जुनं चित्र वर्षानुवर्षं तसंच छापायच्या, माल बदलला तरी. वस्तू पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिसली आणि शेवटची कुठल्या, ही दोन्ही टोकं मिळाली की मधला काळ आपला.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती, घरात जुनी किंमतपत्रकं, हत्यारांच्या जाहिराती असलेले अंक, पेटीच्या झाकणाच्या आतला चिकटवलेला कागद, असं काही असेल तर रद्दीत देण्याआधी निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मुखपृष्ठासकट, कारण वर्ष बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात असतं. आणि पेटी घासूनपुसून चकचकीत करायच्या आधी शिक्क्यांचे फोटो घ्या, पॉलिश पेपर फिरवला की ती अक्षरं परत येत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक